नोंद नसलेले तास

बार्देशातील अस्नोडा गावचे बाळा राया मापारी हे गोवा मुक्तिलढ्यातील पहिले हुतात्मा मानले जातात. फेब्रुवारी १९५५ मध्ये पोर्तुगीज पोलिसांनी कोठडीत केलेल्या छळामुळे त्यांना मृत्यू आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोमंतकीय माणूस ज्या मरणांपासून आपल्या हुतात्म्यांची मोजदाद सुरू करतो, त्यांना आजच्या कायद्याच्या भाषेत ‘कोठडीतील मृत्यू’ आणि ‘गोळीबारातील मृत्यू’ असेच म्हणावे लागेल. तरीही हे शब्द वर्तमानपत्रात आले की ते कुठल्यातरी दूरच्या, अशांत प्रदेशाचे असावेत असे आपल्याला वाटते.

त्या काळी गोव्यात कासिमिरो मोंतेरो या पोलीस अधिकाऱ्याची दहशत होती. ‘एजंट मोंतेरो’ हे नाव जुन्या पिढीतील माणसांना वेगळे सांगावे लागत नाही. हा माणूस पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या ‘पिडे’ या राजकीय पोलीस दलात गेला. सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तु देल्गादु यांना फेब्रुवारी १९६५ मध्ये सीमेजवळ स्पेनच्या हद्दीत गाठून ठार मारणाऱ्या पथकात तो होता. देल्गादु आणि त्यांच्या सचिव यांचे पुरलेले मृतदेह एप्रिलमध्ये सापडले. तोपर्यंत ते दोघे नुसतेच ‘नाहीसे’ झाले होते. राजवट कोसळल्यानंतर लिस्बनमध्ये खटला चालला आणि १९८१ मध्ये मोंतेरो दोषी ठरला, पण तोही त्याच्या गैरहजेरीत. कैद्याला मारणे, विरोधकाची हत्या करणे आणि माणूस गायब करणे या तीन गोष्टी आपण वेगवेगळ्या समजतो. या एका माणसाच्या नोकरीत त्या एकापाठोपाठ आल्या.

कायद्यातही त्या वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून आधी शब्दांचे अर्थ पाहू. पोलिसांच्या किंवा तुरुंगाच्या ताब्यात असताना माणूस मेला, तर तो कोठडीतील मृत्यू. यात आजारपण आणि आत्महत्याही येतात, आणि म्हणूनच अशा प्रत्येक मृत्यूची चौकशी होणे प्रामाणिक पोलिसाच्याही हिताचे असते. पोलिसांनी स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली आणि समोरचा मेला असे सांगितले जाते, तेव्हा त्याला चकमक किंवा सरळ ‘एन्काउंटर’ म्हणतात. तिसरा प्रकार सर्वांत अवघड आहे. सरकारी यंत्रणेतील माणसांनी किंवा त्यांच्या संमतीने कुणीतरी एखाद्याला उचलून नेले आणि नंतर ‘तो आमच्याकडे नाहीच’ असे सांगितले किंवा त्याचे काय झाले ते दडवून ठेवले, तर त्याला बळजबरीने बेपत्ता करणे म्हणतात. या व्याख्येत नकाराला उचलून नेण्याइतकेच महत्त्व आहे. जोपर्यंत ठावठिकाणा सांगितला जात नाही, तोपर्यंत तो गुन्हा रोज नव्याने घडतच असतो असे आंतरराष्ट्रीय कायदा मानतो.

याविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१० पासून अमलात आला. भारताने त्यावर फेब्रुवारी २००७ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही. छळविरोधी कराराचीही तीच गत आहे: सही १९९७ ची, मान्यता नाही. छळाला वेगळा गुन्हा ठरवणारे विधेयक २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केले होते. ते पुढे बारगळले. परिणामी माणूस बेपत्ता करणे हा आपल्या दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा नाही. अपहरण, बेकायदा डांबून ठेवणे आणि शेवटी खून, अशी कलमे जोडून काम भागवावे लागते, आणि मृतदेह नसताना खून सिद्ध करणे किती कठीण आहे हे कुठलाही फौजदारी वकील सांगेल.

एका ठिकाणी मात्र आपल्या कायद्याने हा शब्द उच्चारलेला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने एक पोटकलम आले, आणि आता ते तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. पोलिसांच्या ताब्यातील व्यक्ती मरण पावली किंवा नाहीशी झाली, तर पोलिसांच्या तपासाखेरीज दंडाधिकाऱ्यानेही चौकशी केलीच पाहिजे, असे ते सांगते. ‘नाहीशी झाली’ हे दोन शब्द तिथे आहेत, कारण ताब्यातून माणसे नाहीशी होतात हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हा सगळा झगडा निकालपत्रांत फार मोठ्या शब्दांत मांडलेला दिसतो, पण तळाशी तो एका साध्या गोष्टीवर उभा आहे: नोंद. माणसाला किती वाजता नेले, कुणी नेले, कुठे ठेवले, त्या वेळी त्याच्या अंगावर जखमा होत्या की नव्हत्या. संविधानाचे बाविसावे कलम सांगते की अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, माणसाला दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. पण व्यवहारात हे घड्याळ अटकेची नोंद होते तेव्हा सुरू होते. ‘अटक नाही, फक्त चौकशीसाठी आणले आहे’ हे वाक्य ज्याने ऐकले आहे त्याला यातली गोम लगेच कळेल. घरातून उचलले सोमवारी संध्याकाळी आणि कागदावर अटक दिसते बुधवारी सकाळी. मधल्या छत्तीसेक तासांत तो माणूस कायद्याच्या दृष्टीने कुठेच नसतो. जे वाईट घडते ते बहुतेक वेळा याच तासांत घडते.

पश्चिम बंगालमधील कायदेविषयक मदत करणाऱ्या संस्थेचे पदाधिकारी डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून कोठडीतील मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधले. त्या पत्राची याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने अकरा सूचना दिल्या. त्या वाचताना लक्षात येते की त्यांतल्या जवळजवळ सगळ्या लिहून ठेवण्याबद्दल आहेत. पोलिसाने नावाची पट्टी लावावी. अटकेचा पंचनामा जागेवरच करून त्यावर वेळ व तारीख घालावी. घरातल्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही घ्यावी, आणि खुद्द अटक झालेल्याचीही. नातेवाइकाला कळवावे आणि कुणाला कळवले ते डायरीत लिहावे. दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करावी. थोडक्यात, ते नोंद नसलेले तास बुजवण्याचा तो प्रयत्न होता.

नोंद नसते तेव्हा काय सांगितले जाते? ‘पळून गेला.’ ओडिशातील सुमन बेहेरा या २२ वर्षांच्या तरुणाला डिसेंबर १९८७ मध्ये चोरीच्या तपासासाठी जेराइकेला पोलीस चौकीत नेण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा जखमी मृतदेह रेल्वेरुळांवर सापडला. रात्री तो पळाला आणि रेल्वेखाली आला, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्याची आई नीलाबती बेहेरा यांनी पाठवलेले पत्रच याचिका म्हणून दाखल झाले. पळाल्याचा आणि त्याला शोधल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दीड लाख रुपयांची भरपाई देवविली. जीविताचा हक्क राज्यानेच हिरावला तर राज्याने भरपाई दिली पाहिजे, दिवाणी दाव्याची वाट पाहायला सांगू नये, हे तत्त्व या निकालाने पक्के झाले. ही भरपाई सरकारी तिजोरीतून जाते, म्हणजे ज्याने मारले तो सोडून बाकी सगळे ती भरतात, ही गोष्ट मला कायम खटकत आली आहे.

असेच उत्तर परभणीच्या ख्वाजा युनूस या संगणक अभियंत्याच्या घरच्यांना २००३ मध्ये मिळाले. घाटकोपर स्फोटाच्या प्रकरणात त्याला अटक झाली होती. तपासासाठी नेताना जीप दरीत कोसळली आणि तो पळाला, असे सांगण्यात आले. मृतदेह आजवर मिळालेला नाही. चौकशीनंतर चौदा पोलिसांवर खटला चालवण्याची परवानगी मागितली गेली. राज्य सरकारने ती चौघांपुरतीच दिली.

या ‘परवानगी’बद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण सामान्य वाचकाला ती कळेनाशी वाटते आणि ते स्वाभाविक आहे. सरकारी कर्मचाऱ्याने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवायचा असेल तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. हेतू चांगला आहे: कुणीही उठावे आणि अधिकाऱ्याला कोर्टात खेचावे असे होऊ नये. पण कोठडीत मारझोड करणे किंवा बनावट चकमक घडवणे हे कर्तव्य कसे? सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या प्रकरणांत २०१६ मध्ये स्पष्ट केले की बनावट चकमकीच्या आरोपात अशा मंजुरीची ढाल चालत नाही. नव्या संहितेत मंजुरीचा निर्णय १२० दिवसांत घ्यावा, नाहीतर ती मिळाली असे समजावे, अशी तरतूद आली आहे, आणि ती खरोखर उपयोगाची आहे. काही प्रदेशांत सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असल्यामुळे तिथे केंद्राच्या मंजुरीची आणखी एक भिंत उभी राहते. मणिपूरमधील मृतांच्या कुटुंबीयांनी अशा १,५२८ कथित हत्यांची यादी सर्वोच्च न्यायालयात नेली, तेव्हा २०१३ मध्ये न्यायालयाच्या समितीने नमुन्यादाखल तपासलेल्या सहाही चकमकी खऱ्या नव्हत्या असा अहवाल दिला.

दुसरी अडचण पुराव्याची. कोठडीत काय घडले हे मेलेल्या माणसाखेरीज तिथल्या पोलिसांनाच माहीत असते, आणि आपल्या सहकाऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला ते सहसा पुढे येत नाहीत. हे सर्वोच्च न्यायालयानेच १९८५ मध्ये नोंदवले आणि कायदा बदलण्याची गरज सांगितली. विधी आयोगाने त्याच वर्षी ११३ व्या अहवालात सुचवले की ताब्यात असताना झालेली इजा पोलिसांनीच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, आणि तसे नसल्याचे दाखवण्याची जबाबदारी पोलिसांवर असावी. त्याला चाळीसेक वर्षे झाली. पुराव्याचा कायदा नव्या नावाने आला, पण ही सूचना त्यात नाही. म्हणून खुनाचा आरोप अनेकदा टिकत नाही आणि कबुलीसाठी इजा केल्याच्या, सात किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या कलमावर प्रकरण येऊन थांबते.

मग कधी कुणी जिंकते का? जिंकलेल्या प्रकरणांत एक समान गोष्ट दिसते: पोलिसांनी केली नाही ती नोंद दुसऱ्या कुणीतरी केलेली असते.

११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता उर्फ लखनभैया याला त्याच्या मित्रासह नवी मुंबईत उचलण्यात आले. त्याचे भाऊ वकील होते. त्यांनी त्याच दुपारी पोलीस अधिकाऱ्यांना तारा व फॅक्स पाठवून भावाला उचलल्याचे आणि त्याच्या जिवाला धोका असल्याचे कळवले. संध्याकाळी वर्सोव्यात चकमकीत लखनभैया ठार झाल्याची बातमी आली. चकमकीची हकीकत कितीही बारकाईने रचली तरी तिच्या आधीच्या वेळेचा शिक्का असलेला कागद खोडता येत नाही. उच्च न्यायालयाने आधी दंडाधिकारी चौकशी आणि मग विशेष तपास पथक नेमले. खटल्यात एका प्रमुख साक्षीदाराची साक्ष होण्याच्या काही दिवस आधी हत्या झाली, तरी २०१३ मध्ये तेरा पोलिसांसह २१ जण दोषी ठरले. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांवरील दोषसिद्धी मोठ्या प्रमाणात कायम ठेवली आणि निर्दोष सुटलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यालाही दोषी ठरवले. पर्वरीला आपले जे खंडपीठ आहे, ते याच उच्च न्यायालयाचे.

पंजाबात मानवी हक्क कार्यकर्ते जसवंतसिंग खालरा यांनी वेगळ्या वह्या शोधल्या. दहशतवादाच्या वर्षांत पोलिसांनी उचललेली माणसे परत येत नव्हती आणि ठाण्यांत त्यांची नोंद नव्हती. खालरा स्मशानांत गेले. ‘बेवारस’ म्हणून पोलिसांनी जाळलेल्या मृतदेहांसाठी लाकूड लागते, आणि लाकडाचा हिशेब तर ठेवावाच लागतो. अमृतसर जिल्ह्यातील अशा नोंदी त्यांनी जाहीर केल्या. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांनाच घरासमोरून उचलण्यात आले आणि ठार मारण्यात आले. पुढे सीबीआयने तपासात तीन स्मशानांतील २,०९७ अंत्यसंस्कारांची मोजणी केली. खालरांच्या हत्येबद्दल पोलिसांना २००५ मध्ये शिक्षा झाली, ती २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली. माणसांचा हिशेब ठेवायला नकार देणारी यंत्रणा जळणाचा हिशेब मात्र चुकवू शकली नाही, या तपशिलावर मी दर वेळी थांबतो.

गोव्यात प्रमाण लहान आहे, पण प्रश्न परका नाही. जानेवारी २०११ मध्ये पणजी पोलिसांच्या ताब्यात असलेल्या सिप्रियानो फर्नांडिस यांच्या मृत्यूवरून राज्यभर खळबळ उडाली होती. अशा वेळी बातम्यांत ‘मॅजिस्ट्रेट चौकशी’ हा शब्द येतो आणि तिथे गल्लत होते. उपजिल्हाधिकारी किंवा मामलेदार करतात तो प्रशासकीय पंचनामा. कलम १९६ ची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करायची, ती त्याहून वेगळी. त्या चौकशीत आई-वडील, पती किंवा पत्नी, मुले आणि भावंडे यांना शक्य तिथे कळवावे लागते आणि हजर राहू द्यावे लागते. शवविच्छेदन बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, होते. त्याचे चित्रीकरण व्हावे आणि मृत्यूची खबर २४ तासांत आयोगाला कळवली जावी, अशा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सूचना १९९० च्या दशकापासून आहेत. चित्रीकरणाची प्रत कुटुंबाने लेखी मागावी. हे दुःखाच्या दिवशी सुचत नाही, म्हणून आधी माहीत असलेले बरे.

माणूस जिवंत आहे, पण कुठे आहे ते कळत नाही, अशा वेळी दोन गोष्टी एकाच वेळी कराव्यात. पहिली लखनभैयाच्या भावाने केली ती: किती वाजता, कुठून, कोणत्या गाडीतून, गणवेशात की साध्या कपड्यांत आलेल्यांनी नेले, हे लिहून पोलीस अधीक्षक, दंडाधिकारी आणि मानवी हक्क आयोग यांना लगेच ई-मेलने पाठवावे. आज तार नाही, पण ई-मेलवर वेळ पडतेच. दुसरी म्हणजे पर्वरीच्या खंडपीठात हेबिअस कॉर्पसची, म्हणजे ‘माणूस आमच्यासमोर हजर करा’ असा आदेश मागणारी याचिका. मणिपूरमधून लष्कराने नेलेल्या दोघांसाठी १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने असाच आदेश दिला होता. माणसे हजर झाली नाहीत, तेव्हा त्यांच्या पत्नींना प्रत्येकी एक लाख रुपये द्यायला लावले. गोव्यात राज्य मानवी हक्क आयोग आहे, तसेच पोलीस सुधारणांविषयीच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालानुसार स्थापन झालेले पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. दोन्हीकडे तक्रार करावी, पण खटला चालवणे हे त्यांचे काम नव्हे हे ध्यानात ठेवून. मानवी हक्क आयोगापुढे सर्वसाधारणपणे एक वर्षाची मुदत असते. सीसीटीव्हीला तर त्याहून घाई हवी: सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण अठरा महिने जपायला सांगितले आहे, पण ते जपून ठेवावे असा अर्ज पहिल्याच आठवड्यात दिलेला असला की ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर देणे तितके सोपे राहत नाही.

एखाद्या किळसवाण्या गुन्ह्यानंतर ‘याचा एन्काउंटरच करा’ असे संदेश आपल्याही मोबाइलवर फिरतात. पाठवणारी माणसे क्रूर नसतात, न्यायालयांच्या संथपणाला विटलेली असतात. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाकडे पाहावे. मुंबई परिसरातील १९९५ ते १९९७ या काळातील ९९ चकमकींच्या प्रश्नावरून निघालेल्या त्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की प्रत्येक चकमकीतील मृत्यूचा गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास व्हावा आणि लगोलग बढत्या किंवा शौर्यपदके देऊ नयेत. ही शेवटची अट घालावी लागली, यातच बरेच काही आले.

मला गोव्यात खरी काळजी वाटते ती ज्याच्यासाठी कुणी ई-मेल करणार नाही त्याची. कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरवर राबणारा, बांधकामाच्या शेडमध्ये राहणारा परप्रांतीय मजूर उचलला गेला तर साक्षीदार म्हणून सही करायला त्याच्या घरचे कोण असणार? डी. के. बसू निकालात या माणसाचा विचार केलेला आहे: नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात राहत असतील तर आठ ते बारा तासांच्या आत जिल्ह्यातील कायदेविषयक मदत संस्था आणि तिथल्या पोलीस ठाण्यामार्फत त्यांना तारेने कळवावे, असे त्यात लिहिले आहे. नव्या संहितेचे कलम ३७ तर सांगते की अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि आरोप प्रत्येक पोलीस ठाण्यात सहज दिसतील असे लावलेले असावेत. भाडेकरूंच्या पडताळणीचा अर्ज घेऊन आपल्यापैकी पुष्कळ जण पोलीस स्थानकात जातात आणि बाकावर बसून वाट पाहतात. तिथे तो फलक आहे का, आणि असल्यास त्यावरची शेवटची तारीख कोणती आहे, एवढे त्या वेळात पाहून होते.